आपल्या आमदाराची कारकीर्द नोंदींवरून कशी मांडावी : ठाणे आणि नवी मुंबईच्या मतदारांसाठी

विधानसभेची मुदत संपत आली की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल येतो. भूमिपूजनांची छायाचित्रे, मंत्र्यांना निवेदन देतानाचे क्षण, आरोग्य शिबिरे आणि शेवटी कोट्यवधींच्या विकासकामांची यादी, असे त्याचे स्वरूप ठरलेले असते. आमदाराच्या कार्यालयाने आपल्या कामाची माहिती लोकांपुढे ठेवावी यात वावगे काही नाही. अडचण एवढीच आहे की त्या पुस्तिकेशेजारी ठेवून पाहण्यासाठी मतदाराजवळ स्वतः तयार केलेला एकही कागद नसतो. तो तयार करता येतो, त्यासाठी पत्रकार किंवा वकील असावे लागत नाही, आणि लागणारी बहुतेक कागदपत्रे सरकारी संकेतस्थळांवर किंवा माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर मिळतात. आमदार कोठून आला, कोणत्या पक्षांतून गेला, किती मतांनी जिंकला किंवा हरला, सभागृहात काय बोलला, निधी कोठे दिला आणि त्याच्या मालमत्तेची व खटल्यांची स्थिती काय आहे, हे सारे सलग मांडण्याची पद्धत पुढे सांगितली आहे. माझा आग्रह असा आहे की प्रत्येक विधानासमोर तारीख आणि कागद असावा, आणि आमदाराचे मूल्यमापन आमदाराच्याच कामावरून व्हावे. नगरसेवकाच्या किंवा खासदाराच्या कामावरून होऊ नये.

आधी मतदारसंघ, मग माणूस

ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा आकडा २४ होता. ठाणे शहराचा भाग ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे आणि मुंब्रा-कळवा या चार मतदारसंघांत वाटलेला आहे, तर नवी मुंबई महापालिकेचे क्षेत्र ऐरोली आणि बेलापूर या दोन मतदारसंघांत येते. यांतला मुंब्रा-कळवा लोकसभेसाठी कल्याणला जोडलेला आहे आणि उरलेले पाच ठाणे लोकसभा मतदारसंघात आहेत. आपण नक्की कोणत्या मतदारसंघात मतदान करतो हे मतदार यादीत पाहून घ्यावे, कारण घोडबंदर रस्त्यावर किंवा कोपरी परिसरात राहणारे अनेक जण पत्त्यात ‘ठाणे’ आहे म्हणून स्वतःला ठाणे मतदारसंघाचे समजतात आणि भलत्याच आमदाराचा हिशेब मांडायला बसतात.

मतदारसंघांच्या आजच्या सीमा २००८ च्या पुनर्रचनेतून आल्या आणि त्यांवर पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. त्याआधीचा बेलापूर मतदारसंघ आजच्या बेलापूरहून कितीतरी मोठा होता आणि ऐरोली नावाचा मतदारसंघच नव्हता. एकनाथ शिंदे २००४ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले ते ठाणे मतदारसंघातून, आणि २००९ पासून पुढच्या सर्व निवडणुका त्यांनी कोपरी-पाचपाखाडीतून जिंकल्या. हे पाहून त्यांनी मतदारसंघ सोडून दुसरा धरला असे लिहिणे चुकीचे ठरेल, कारण येथे आखणीच बदललेली होती. म्हणून २००९ पूर्वीच्या आणि नंतरच्या मताधिक्याची थेट तुलना करू नये. दोन्ही आकडे द्यावेत आणि मध्ये पुनर्रचना झाल्याची नोंद करावी.

कालपट तयार करणे

एका वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात पाच रकाने आखावेत: तारीख, पद, पक्ष आणि चिन्ह, मतदारसंघ किंवा सभागृह, आणि माहितीचा आधार. कारकिर्दीची सुरुवात आमदारकीपासून धरू नये. आपल्याकडच्या बहुतेक आमदारांची वाट शाखा किंवा तालुका पातळीवरच्या पक्षपदावरून महापालिकेत आणि तेथून विधानभवनात गेलेली आहे. शिंदे १९९७ मध्ये ठाणे महापालिकेत नगरसेवक झाले, पुढे सभागृह नेते होते आणि मग आमदार. काही जणांची वाट विधान परिषदेतून येते. संजय केळकर कोकण पदवीधर मतदारसंघाचे आमदार होते आणि २०१४ पासून ठाणे मतदारसंघातून विधानसभेत आहेत. बेलापूरच्या मंदा म्हात्रे आणि मुंब्रा-कळव्याचे जितेंद्र आव्हाड हेही विधानसभेत येण्याआधी विधान परिषदेचे सदस्य होते. परिषदेतला काळ अनेक जण लिहायचा विसरतात, आणि मग माणसाने सभागृहाचे काम कोठे शिकले हे कळतच नाही.

हरलेल्या निवडणुकाही कालपटात आल्या पाहिजेत, किंबहुना त्या अधिक लक्ष देऊन लिहाव्यात. गणेश नाईक यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९९० मध्ये ते शिवसेनेचे आमदार म्हणून बेलापुरातून निवडून आले, १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाले, नंतर पक्ष सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, १९९९ ची निवडणूक हरले, २००४ आणि २००९ मध्ये पुन्हा बेलापुरातून जिंकून मंत्रिमंडळात राहिले, २०१४ मध्ये भाजपच्या मंदा म्हात्रे यांच्याकडून सुमारे दीड हजार मतांनी पराभूत झाले, २०१९ मध्ये स्वतः भाजपमध्ये गेले आणि ऐरोलीतून २०१९ व २०२४ अशा दोन्ही वेळा निवडून येऊन डिसेंबर २०२४ मध्ये वनमंत्री झाले. या एका वाक्यात तीन पक्ष आणि दोन पराभव आहेत. परंतु २०१४ च्या ओळीनंतर २०१९ ची ओळ लिहिली तर मधली पाच वर्षे कोरी दिसतील, आणि तशी ती नव्हती. २०१५ च्या महापालिका निवडणुकीनंतर नवी मुंबईची सत्ता त्यांच्याच नेतृत्वाखालील राष्ट्रवादीकडे राहिली होती. आमदारकी गेली तरी महापालिका हाती असेल तर राजकीय वजन टिकते, हे ज्याला लक्षात येईल त्याला नवी मुंबईचे राजकारण समजायला सोपे जाईल.

पक्षाच्या रकान्यात नेहमी त्या तारखेला जे नाव आणि चिन्ह होते तेच लिहावे. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्या गटाला दिले आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. त्यामुळे २०१९ मध्ये धनुष्यबाणावर निवडून आलेला आणि २०२४ मध्ये उद्धव ठाकरे गटाच्या मशालीवर लढलेल्या उमेदवाराची नोंद ‘शिवसेना’ एवढ्याच शब्दावर थांबवली तर पाच वर्षांनी वाचणाऱ्याला काहीच उमगणार नाही. पक्षांतराबाबत निर्णय देताना सावध राहावे. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ मध्ये राज्यघटनेत आली; तिच्यातील एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकले, आणि आता दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणालाच संरक्षण उरले आहे. महाराष्ट्रातील शिवसेना फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला आणि विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या आमदारांविषयीचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी दिला. आपल्या तक्त्यात ‘अपात्र’ किंवा ‘गद्दार’ असे शब्द घालण्यापेक्षा या तारखा आणि आमदार त्या दिवशी कोणत्या बाजूला होता हे लिहिणे अधिक उपयोगी आहे. वाचणारा आपला निष्कर्ष स्वतः काढतो.

प्रतिज्ञापत्र कसे वाचावे

उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती मतदाराच्या हक्काची झाली. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे पाहायला मिळतात. एकच प्रतिज्ञापत्र वाचून फारसे हाती लागत नाही. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ यांतली जेवढी मिळतील तेवढी शेजारी शेजारी ठेवावीत.

मालमत्ता ‘इतक्या पटींनी वाढली’ अशी बातमी दर निवडणुकीला येते, आणि ती अनेकदा अर्धवट असते. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक जमिनीपुढे किंवा सदनिकेपुढे क्षेत्रफळ, ती वारसाने आली की विकत घेतली, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, त्यावर झालेला बांधकामाचा खर्च आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत असे तपशील असतात. समजा एका उमेदवाराने वीस वर्षांपूर्वी पाचपाखाडीत सदनिका घेतली आणि ती प्रत्येक प्रतिज्ञापत्रात आहे. तिची बाजारभावाची किंमत दर पाच वर्षांनी चढलेली दिसेल, पण त्यात नवी खरेदी काहीच नाही. उलट दोन निवडणुकांच्या मध्ये शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात नव्या शेतजमिनी आल्या असतील तर त्यांच्या खरेदीच्या तारखा पाहाव्यात आणि त्याच पानांवरचा मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्नाचा रकाना त्यांच्याशी पडताळावा. जोडीदाराचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबून असलेल्यांचे रकाने न वाचता बेरीज करू नये. कर्जांचा आणि शासकीय देण्यांचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. उमेदवाराच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या व्यवसायाचा आणि सरकारशी असलेल्या कंत्राटांचा रकाना तर मी सर्वांत आधी उघडतो, कारण बांधकाम हा आपल्या भागातील राजकारणाला सर्वांत जवळचा व्यवसाय आहे आणि तो येथे स्पष्ट शब्दांत लिहिणे बंधनकारक आहे.

फौजदारी प्रकरणांच्या भागात तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात: गुन्हा नोंद झाला आहे एवढेच, न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत, की शिक्षा झाली आहे. आंदोलन, रास्ता रोको, जमावबंदीचा भंग अशा कलमांखालील प्रकरणे विरोधी पक्षात काम केलेल्या जवळपास प्रत्येकाकडे असतात, आणि त्यांची संख्या मोजून कोणाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे. फसवणूक, खंडणी किंवा शारीरिक इजा यांसारख्या कलमांचे वजन वेगळे आहे आणि ती स्वतंत्र लिहावीत. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यास लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो, आणि २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अपील दाखल केले म्हणून पद आपोआप वाचत नाही. २०१८ च्या निकालानुसार प्रकरणे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला ती वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा प्रसिद्ध करावी लागतात. २०२० पासून पक्षालाही अशा उमेदवाराची निवड का केली याची कारणे जाहीर करावी लागतात. ही कारणे वाचावीतच. ‘लोकप्रिय कार्यकर्ता’ अशा एका शब्दसमूहावर पक्षाने भागवले असेल तर तेही आपल्या टिपणात जसेच्या तसे उतरवून ठेवावे.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. महाराष्ट्रात विधानसभेसाठी २०२४ मध्ये खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये होती. हिशेबात विशेष सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये, परंतु तो वेळेत दिला की नाही हे जरूर पाहावे.

मतांचा हिशेब

एकूण मते आणि मताधिक्य सर्वांना ठाऊक असते. खरे चित्र नमुना २० मध्ये दिसते, ज्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते मिळाली, नोटाला किती गेली आणि टपाली मते किती होती हे लिहिलेले असते. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बेलापुरात २०२४ मध्ये मंदा म्हात्रे यांनी संदीप नाईक यांचा अवघ्या ३७७ मतांनी पराभव केला. अशा निकालात कोणत्या केंद्रांनी कौल फिरवला हे पाहिल्याशिवाय कोणतेही विश्लेषण अपुरे आहे. केंद्रांची गटवारी आपल्या ओळखीच्या भागांप्रमाणे करावी: मूळ गावठाणे, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या) जुन्या वसाहती, नवी गृहसंकुले, झोपडपट्टीचा भाग. नगरसेवक कोणाचे होते आणि मते कोणाला गेली यांचा मेळ येथे बसतो किंवा फसतो, आणि दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या असतात.

येथे एक खबरदारी फार आवश्यक आहे. मतदान केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांच्या मध्ये बदलतात. घोडबंदर पट्ट्यात मतदार वाढल्यामुळे केंद्रे वाढली आणि काही केंद्रे गृहसंकुलांच्या आवारात आली, त्यामुळे २०१९ चे ११२ क्रमांकाचे केंद्र आणि २०२४ चे ११२ क्रमांकाचे केंद्र एकच आहे असे गृहीत धरू नये. प्रत्येक निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी वेगळी उतरवून घ्यावी आणि इमारतीच्या व यादी भागाच्या नावावरून जुळणी करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते वगळले तर पुढचा सारा हिशेब निरर्थक होतो.

सभागृहातील काम

आमदाराचे मूळ काम कायदे करणे, अर्थसंकल्पावर मत देणे आणि सरकारला जाब विचारणे हे आहे. गटार तुंबले तर त्याला दूरध्वनी करणे स्वाभाविक असले, तरी त्याच्या कारकिर्दीचे माप विधानसभेच्या कामकाजात आहे आणि कार्यअहवालात नेमका तोच भाग सर्वांत आखूड असतो. अधिवेशने वर्षातून साधारण तीन होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नोत्तरांच्या याद्या, विधेयके आणि सभागृहाची कार्यवाही महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळू शकते.

तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी दिलेल्या प्रश्नाची बांधणी एकदा समजून घेतली की वाचन सोपे होते. यादीत प्रश्नाच्या डोक्यावर सदस्यांची नावे असतात, मग ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशा धाटणीचे वाक्य, आणि खाली क्रमांकवार पोटप्रश्न: अमुक ठिकाणी अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. समोर मंत्र्यांचे उत्तर असते: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘अंशतः खरे’ या उत्तराखाली जो परिच्छेद येतो त्यात बहुधा कामाची माहिती असते, आणि आपल्या भागातील रखडलेल्या कामाची अधिकृत स्थिती दुसरीकडे कोठे मिळत नाही ती तेथे मिळून जाते.

प्रश्नांची संख्या मोजून आमदारांची क्रमवारी लावण्याची प्रथा मला पटत नाही. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे एकत्र असतात; त्यामुळे एखाद्याच्या नावावर शेकडो प्रश्न दिसतात आणि त्यांतले त्याच्या मतदारसंघाशी वा अभ्यासाशी जोडलेले थोडेच निघतात. शिवाय यादीतील मोजकेच प्रश्न सभागृहात प्रत्यक्ष पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे लेखी राहतात. म्हणून प्रश्न विषयवार लावावेत आणि एकेका विषयाचा माग काढावा. तोच आमदार त्याच विषयावर आधी प्रश्न, पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), नंतर विधानसभा नियम २९३ खालील चर्चेत किंवा कपात सूचनेवर (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणाऱ्या प्रस्तावावर) भाषण आणि शेवटी आश्वासन समितीकडे पाठपुरावा असा चढत गेला असेल, तर त्याने काम केले आहे असे निःशंकपणे लिहावे. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही हे ही समिती पाहते, हे फार कमी मतदारांना माहीत असते. आमदार सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा, अंदाज किंवा सार्वजनिक उपक्रम समितीवर होता का, हेही पाहावे. तेथे प्रसिद्धी नसते आणि काम मात्र खरे असते.

उदाहरण म्हणून आपल्या दोन शहरांतले दोन विषय घेता येतील. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. त्यानंतर ठाण्यातील धोकादायक आणि अनधिकृत इमारतींत राहणाऱ्यांच्या समूह पुनर्विकासाची (अनेक इमारतींच्या एकत्र पुनर्विकासाची) मागणी सभागृहात वारंवार आली, आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत समूह पुनर्विकासाच्या तरतुदी आहेत. आज या धोरणाचे श्रेय अनेक जण घेतात. कोणी कोणत्या अधिवेशनात काय मागितले, कोणत्या तरतुदीला विरोध केला आणि त्या वेळी तो सत्तेत होता की विरोधात, हे कार्यवाही उघडून तारखांसह लिहिले की श्रेयाचा वाद आपोआप आटोक्यात येतो. नवी मुंबईत हीच पद्धत शहरासाठी जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या प्रश्नाला लावावी. सिडकोची स्थापना १९७० ची, जमीन ९५ गावांची, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात शेतकरी हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली, आणि वाढत्या कुटुंबांनी गावठाणाबाहेर बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न तेव्हापासून आजवर चालू आहे. या प्रश्नावर बोलला नाही असा येथील आमदार मिळणार नाही. फरक कोठे पडतो तर निव्वळ भाषण, नेमकी सूचना आणि शासन निर्णयात उतरलेला बदल यांत.

आमदार मंत्री झाला की हे माप बदलते, कारण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो. त्या काळात त्याच्या खात्याची विधेयके, नियमावल्या आणि शासन निर्णय पाहावेत. शिंदे २०१४ च्या अखेरीस काही आठवडे विधानसभेत विरोधी पक्षनेते होते आणि त्याच डिसेंबरमध्ये मंत्री झाले. एका वर्षाच्या नोंदीला सरसकट एकच मथळा दिला तर हा फरक पुसला जातो. ते २०१९ च्या अखेरीपासून जून २०२२ पर्यंत नगरविकास मंत्री, ३० जून २०२२ पासून मुख्यमंत्री आणि ५ डिसेंबर २०२४ पासून उपमुख्यमंत्री, असे टप्पे तारखेने तोडूनच लिहिले पाहिजेत.

निधी, फलक आणि श्रेय

आमदाराचा स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प हजारो कोटींचा असतो, हे शेजारी ठेवले म्हणजे या निधीतून शहर बदलले असे कोणी म्हणाले तर ते कितपत मानावे हे कळते. कामे आमदार सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि हिशेब जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात असतो. ऐरोली आणि बेलापूरसाठीही हे कार्यालय ठाण्याचेच.

माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या ऑनलाइन सुविधेवरून किंवा कार्यालयात देता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. मजकूर साधारण असा ठेवावा: ‘१५१ बेलापूर विधानसभा मतदारसंघाच्या सदस्यांनी सन २०१९-२० ते २०२३-२४ या आर्थिक वर्षांत आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत सुचविलेल्या कामांची वर्षनिहाय यादी, प्रत्येक कामाचे ठिकाण, मंजूर रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, झालेला खर्च आणि काम पूर्ण झाल्याचा दिनांक यांच्या प्रती मिळाव्यात.’ ‘का’ किंवा ‘कसे’ असे प्रश्न घालू नयेत, कागद मागावेत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे, न आल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे.

यादी हाती आली की शनिवारी सकाळी प्रत्यक्ष जागेवर जावे. गल्लीच्या तोंडाशी, उद्यानाच्या फाटकापाशी किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर संगमरवरी फलक असतो. त्यावर ‘स्थानिक विकास निधीतून’ असे असेल तर ते काम यादीत सापडले पाहिजे. ‘यांच्या प्रयत्नाने’ किंवा ‘यांच्या पाठपुराव्यामुळे’ असे असेल तर पैसा महापालिकेचा, सिडकोचा, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) किंवा राज्याच्या अनुदानाचा असण्याची शक्यता मोठी आहे. पाठपुरावा खोटाच असतो असे मुळीच नाही. तो तपासायचा असेल तर संबंधित शासन निर्णय काढून त्याच्या सुरुवातीची संदर्भांची यादी वाचावी. तेथे कधी कधी आमदाराच्या पत्राचा दिनांकासह उल्लेख मिळतो, आणि तसा मिळाला तर ते श्रेय त्याला मोकळेपणाने द्यावे.

दोष देतानाही हीच काटेकोर वृत्ती ठेवावी. उपनगरी रेल्वे केंद्राची, मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई महापालिकेचे, ठाणे-बेलापूरच्या टीटीसी पट्ट्यातले औद्योगिक भूखंड एमआयडीसीचे (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे), वडाळा ते कासारवडवली मेट्रो एमएमआरडीएची. यांपैकी प्रत्येकाबद्दल आमदार सभागृहात बोलू शकतो, परंतु निर्णयाची सही त्याची नसते. एक गोष्ट मात्र दोन्ही शहरांत विसरू नये: नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये आणि ठाण्याची २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवक नसताना लोक आमदाराकडे वळले, आयुक्तांबरोबरच्या बैठका आमदार घेऊ लागले, आणि त्या काळातले आमदाराचे शहरातील वजन नेहमीपेक्षा मोठे होते. त्या वर्षांचा हिशेब वेगळा मांडावा, कारण तेव्हा ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर तितकेसे पटणारे नव्हते.

टिपण लिहून पूर्ण करताना

सारे कागद जमले की टिपण पाच-सहा पानांपेक्षा मोठे करू नये. वृत्तपत्रातील माहिती वापरायची झाल्यास अंकाचा दिनांक द्यावा. जुन्या अंकांसाठी १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा आपल्या जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारणा करावी. समाजमाध्यमांवरील फिरता मजकूर आधार म्हणून वापरू नये, मग तो आपल्या मताशी कितीही जुळत असो. आमदाराच्या कुटुंबातील खासगी गोष्टी टिपणात येऊ देऊ नयेत. प्रतिज्ञापत्रात जे जाहीर आहे तेवढेच आपले.

मसुदा तयार झाला की त्याची एक प्रत आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात रीतसर पत्रासह द्यावी, पोच घ्यावी आणि दोन आठवड्यांची मुदत द्यावी. कार्यालयाकडून एखादी दुरुस्ती कागदासह आली तर ती करावी; कागदाशिवाय आली तर ‘कार्यालयाचे म्हणणे’ म्हणून वेगळी छापावी. त्याच मतदारसंघातील प्रमुख पराभूत उमेदवाराची कारकीर्दही याच पाच रकान्यांत मांडावी, म्हणजे टिपण एकतर्फी राहत नाही आणि सोसायटीच्या किंवा मंडळाच्या सभेत ते वाचून दाखवताना कोणाला हरकत घेता येत नाही. यानंतर प्रत्येक अधिवेशनाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि दर आर्थिक वर्षाअखेरची निधीची यादी जोडत जावी, आणि पहिल्या पानावर टिपण शेवटचे अद्ययावत केल्याचा दिनांक लिहावा.